कर्त्या पुरुषाचे मौन

मराठी व्याकरणात ‘कर्ता’ म्हणजे क्रिया करणारा. मराठी घरात ‘कर्ता’ म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे, ज्याच्या सहीने कर्ज मिळते, जो मुलीचे लग्न ठरवितो आणि ज्याच्या पश्चात घर उघडे पडते असा पुरुष. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. व्याकरणाचा एक लहानसा विशेष मात्र आरंभीच सांगितला पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्यावर उभा आहे. मराठीत माणूस नांगरतो, पेरतो, विकतो, भांडतो. तेथे तो कर्ता असतो. परंतु त्याला दुःख होते, त्याला रडू येते, त्याला घोर लागतो. तेथे तो एकदम चतुर्थीत जाऊन बसतो आणि वाक्याचे कर्तेपण दुःखाकडे, रडण्याकडे, घोराकडे जाते. ‘तो रडला’ असे म्हणता येत नाही असे नाही. पण जाणत्या पुरुषाविषयी बोलताना भाषा ‘त्याला रडू कोसळले’ असे म्हणणेच पसंत करते, जणू रडणे म्हणजे बाहेरून अंगावर येऊन पडलेली भिंत. कन्नडमध्येही ‘अवनिगे दुःख आयितु’ अशीच रचना आहे. कर्त्या पुरुषाने दुःखी होणे म्हणजे काही काळ तरी कर्तेपण गमावणे, हे या दोन्ही भाषांनी आपल्या घडणीतच मान्य केलेले दिसते.

बंगळुरूत राहून कन्नडातून मराठीत आणि क्वचित मराठीतून कन्नडात अनुवाद करणाऱ्याला या गोष्टी पुस्तकाच्या पानावर नव्हे, तर पान अडल्यावर कळतात. शेतकरी जीवनावरील कथा-कादंबऱ्यांचा अनुवाद करताना पान सर्वांत जास्त अडते ते पुरुषाच्या दुःखापाशी. त्याची शिवी अनुवादित होते, त्याचा राग होतो, त्याचे कष्ट तर विनासायास होतात. दुःखापाशी मात्र मूळ लेखकानेच पुष्कळदा जागा मोकळी सोडलेली असते. पात्र उठून गोठ्याकडे जाते, विडी पेटविते, बैलाच्या पाठीवर हात फिरविते आणि प्रकरण संपते. ही मोकळी जागा म्हणजे नेमके काय, ती कशाने निर्माण झाली आणि आपल्या समीक्षेने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय केवळ वाङ्मयीन नाही, हे सांगावयास नकोच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,९९९ पुरुष आणि २०८ स्त्रिया. शेतमजुरांचा आकडा याहून निराळा आणि मोठा, ६,०८३. शेती क्षेत्रातील या सर्व मृत्यूंमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला व कर्नाटकाचा दुसरा. स्त्रियांचा आकडा इतका लहान दिसण्यामागे एक उघड कारण असे की, जिच्या नावे जमीन नाही तिला नोंद करणारा ‘शेतकरी’ म्हणत नाही. ती ‘गृहिणी’च्या रकान्यात जाते. तथापि हे कारण जमेस धरूनही पुरुषांचा आकडा ओरडून काही सांगतो आहे, आणि ते केवळ कापसाच्या भावाविषयी नाही.

येथे एक धोका आहे. शेतकऱ्याच्या मनाविषयी बोलू लागले की सावकार, बाजार आणि शासन हे तिघेही सुटकेचा निःश्वास टाकतात. कर्नाटकात डॉ. जी. के. वीरेश यांच्या समितीने २००२ मध्ये शेतकरी आत्महत्यांवर अहवाल दिला, त्यात कर्जाबरोबर व्यसन, घरगुती कलह इत्यादी कारणांवरही भर होता. त्यावर जी टीका झाली तिचा रोख हाच होता की, दारू हे कारण म्हणून पुढे केले म्हणजे दारूपर्यंत माणूस कसा पोहोचला हे विचारावे लागत नाही. टीका रास्त होती. परंतु तिच्यातून दुसऱ्या टोकाला जाऊन असे मानले गेले की, शेतकऱ्याला मन असते हे म्हणणे हीच त्याच्याविरुद्धची फितुरी. पावसावर जगणाऱ्या कोरडवाहू शेतीत त्याच कर्जाखाली, त्याच दुष्काळात, त्याच गावात शंभर माणसे जगतात आणि एक जीव देतो. आणि तो एक बहुतेक वेळा घरातील कर्ता पुरुष असतो. अर्थशास्त्राने शंभरांचे दुःख समजते. त्या एकाचे समजण्यासाठी आपल्याला भाषेकडे आणि वाङ्मयाकडेच वळावे लागते.

मराठीत पुरुषाला शोक करताच येत नव्हता असे नाही. सतराव्या शतकात १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या एका कुणबी महाजनाचे दुकान बुडाले, बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली. आणि त्याने हे सारे लपवून न ठेवता अभंगांत सांगितले. घरच्या वाट्याची खतपत्रे त्याने इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वश्रुत आहे. तुकोबांच्या विठ्ठलभक्तीविषयी आपण पुष्कळ लिहिले. पण दिवाळे निघालेल्या पुरुषाने दिवाळ्याची लाज चारचौघांत उच्चारली, ही केवढी दुर्मीळ घटना आहे याकडे आपले तितके लक्ष गेलेले नाही. वारीत आणि कीर्तनात पुरुषाला आजही रडता येते, एकमेकांच्या पायांवर डोके ठेवता येते. ते रडणे देवापाशी असल्यामुळे त्याच्या मर्दपणाला बाध येत नाही.

दुसरी जागा कामाची. मोटेवरची गाणी हा प्रकार आता ऐकावयास मिळणे कठीण. विहिरीच्या थारोळ्यात मोट रिती होते, बैल मागे सरत येतात, पुन्हा धावेवरून उतरतात, नाडा करकरतो आणि त्या लयीत मोट हाकणारा गडी गातो. त्याच्यासमोर माणूस कोणी नसते, फक्त बैलांची पाठ असते. जात्यावरच्या ओवीला जशी दळणाची लय आणि पहाटेचा एकांत, तसाच हा पुरुषाचा एकांत. सुगीतील भलरी ही सामुदायिक. उत्तर कर्नाटकात खळ्यावर बैलांची पात फिरत असताना पुरुष गात असत ती ‘हंतिपदे’ही तशीच. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संग्रह झाले. गी पॉइतव्हां आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्या मानाने मोटेवरच्या गाण्यांच्या वाट्याला संग्राहक फार थोडे आले. पुरुषाच्या गाण्यात त्याचे अंतःकरण असू शकेल, अशी शंका बहुधा आम्हांला आली नसावी.

मग मोटेच्या जागी तेलावरचे इंजिन आले, त्यामागून विजेचा पंप आला. श्रम वाचले, पाणी वाढले, ऊस आला; ही प्रगती नव्हे असे कोण म्हणेल? परंतु पंपाबरोबर गाता येत नाही. मळणीयंत्राभोवतीही गाता येत नाही. इरजिक आणि सावड यांसारख्या परस्परांच्या श्रमाच्या रीती मागे पडल्या आणि शेजाऱ्याच्या रानात औत घेऊन जाण्याचे प्रसंग उरले नाहीत. ज्या तीन-चार ठिकाणी पुरुषाचे मन लोकांदेखत आणि लाज न वाटता मोकळे होत होते, त्यांपैकी वारी तेवढी राहिली, आणि ती वर्षातून एकदा.

याच काळात त्याच्यावरचे ओझे मात्र वाढले. मुंबई कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. कर्नाटकात १९७४च्या दुरुस्तीने तेच घडले. न्यायाच्या दृष्टीने हा बदल थोरच. पण ‘मालक’ हा शब्द काय करतो तेही पाहावे. ग्रामीण महाराष्ट्रात बायको नवऱ्याचा उल्लेख ‘मालक’ किंवा ‘धनी’ असा करते. कन्नड स्त्री ‘यजमानरु’ म्हणते. जमीन तुकड्यातुकड्यांत वाटली गेली, गहाण पडली, सोसायटीचे कर्ज थकले, तरी घरी आल्यावर हाक ‘मालक’ अशीच ऐकू येते. ‘बळीराजा’, ‘पोशिंदा’, ‘अन्नदाता’ ही बिरुदे आम्ही शहरात बसून दिली. कन्नडात कुवेंपूंनी शेतकऱ्याला ‘नेगिलयोगी’, म्हणजे नांगरधारी योगी, म्हटले आणि ते नाव त्या प्रांतात अत्यंत लोकप्रिय झाले. राजा आणि योगी! राजाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे, आणि योग्याने तर गाऱ्हाणे असल्याचे कबूलच का करावे? गौरवाच्या या दोन्ही शब्दांत त्याच्या तोंडावर ठेवलेला हात आहे.

जाता जाता एक शब्द. आपल्याकडे वर्षाच्या कराराने राबणाऱ्याला ‘सालगडी’ म्हणतात. कन्नडात ‘साल’ म्हणजे कर्ज. कन्नड वाचकापुढे हा शब्द जसाच्या तसा ठेवला तर तो त्याचा अर्थ ‘कर्जाने बांधलेला गडी’ असा घेईल, आणि अनुवादकाने त्याची समजूत दुरुस्त करण्याची घाई करू नये.

आता कथावाङ्मयाकडे वळू. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) एक कर्जबाजारी कुणबी स्वतःशीच बोलताना दाखविला आहे. निबंधाच्या ओघात अकस्मात येणारे हे स्वगत वाङ्मयदृष्ट्या फार महत्त्वाचे आहे. शेतकरी पुरुषाचा अंतःस्थ आवाज आधुनिक मराठी गद्यात पहिल्याने उमटतो तो बहुधा तेथे. परंतु तो स्वतःशी बोलतो, दुसऱ्याशी नव्हे. पुढच्या शंभर वर्षांतील ग्रामीण कथेने या परिस्थितीत फारसा फरक केला नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मास्तराच्या पुढाकाराने गाव तालीम बांधते. पुरुषांनी एकत्र येऊन काहीतरी उभारावे तर ती तालीमच, हे किती स्वाभाविक वाटते! पुढे दुष्काळ पडतो आणि गाव पांगते; तालीम माणसांना थोपवून धरू शकत नाही. माडगूळकरांनी यावर भाष्य केलेले नाही, आणि तेच त्यांचे सामर्थ्य. पण समीक्षकांनीही भाष्य केले नाही, हे मात्र सामर्थ्याचे लक्षण म्हणता येणार नाही.

आनंद यादव यांच्या दोन पुस्तकांपाशी थोडे थांबावयास हवे. ‘गोतावळा’ (१९७१) ही नारबा या सालगड्याची कथा, त्याच्याच बोलीत सांगितलेली. मालक ट्रॅक्टर आणतो, गुरेढोरे एकेक करून जातात आणि या एकट्या, लग्न न झालेल्या गड्याचा गोतावळाच नाहीसा होतो. या कादंबरीची चर्चा यंत्रयुग आणि ग्रामसंस्कृती यांचा संघर्ष म्हणून झाली, कोल्हापुरी बोलीच्या उपयोजनाची उदाहरणे म्हणूनही झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु नारबा जनावरांसाठी जे बोलतो ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: माणसांविषयी तो असे बोलत नाही. माया, विरह, अपराधीपणा, एकटेपणाची भीती, हे सारे भाव त्याच्यापाशी भरपूर आहेत. त्यांना पात्र मात्र बैल आणि म्हशी आहेत. बैल हा शेतकरी पुरुषाचा सर्वांत जवळचा श्रोता. पोळ्याला किंवा बेंदराला त्याची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरविताना ज्याने शेतकऱ्याचा चेहरा पाहिला आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. ट्रॅक्टर आला तेव्हा केवळ औतकाठीचे साधन गेले नाही. ज्याच्यापाशी पुरुषाला हळवे होण्याची मुभा होती तो शेवटचा प्राणी गेला.

‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीतील वडील मराठी वाचकाच्या मनात क्रूर बाप म्हणून बसले आहेत. मुलाला शाळेतून ओढून रानात जुंपणारा, बायकोला मारणारा, अडाणी, हेकट. लेखकाच्या सहनशीलतेचे आपण कौतुक केले आणि बापाला मनोमन शिक्षा दिली. बापाच्या मारहाणीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. ज्या आईने ती सोसली तिच्या बाजूनेच आपण उभे राहिले पाहिजे. पण दुसऱ्याची जमीन फाळ्याने कसणाऱ्या, ती कधी जाईल याची शाश्वती नसलेल्या या माणसाच्या जवळ भीती व्यक्त करण्यासाठी काठीवाचून दुसरे काय होते, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा होता. आम्ही ‘रांगडा’ हा शब्द वापरून मोकळे झालो. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील ग्रामीण साहित्याची परीक्षणे चाळून पाहिली तर ‘रांगडे’ हे विशेषण गौरवार्थाने किती वेळा आले आहे हे पाहून मन खिन्न होते. रानातला पुरुष रागावला की तो रांगडा, गप्प बसला की सोशिक, आणि मेला की हताश! या तीन विशेषणांच्या पलीकडचा पुरुष लेखकांनी दाखविला नाही असे नव्हे, आम्ही पाहिला नाही.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा याचे उत्तम उदाहरण होय. बाजारात टोमॅटोला भाव नाही. विकण्यासाठी आणलेला माल कोणी घेत नाही. आणि बाप अखेर आपल्याच मालावर उभा राहून तो पायांखाली तुडवितो. हे सारे मुलाच्या डोळ्यांनी दिसते. शेतमालाच्या भावाची कथा म्हणून ती सर्वत्र वाचली जाते आणि त्यात चूक काही नाही. परंतु तिचा कणा निराळा आहे. बाप तुडवितो ते मुलाच्या देखत. भाव पडल्याचे नुकसान घरी जाऊनही सोसता आले असते. बाजारात, चारचौघांत, स्वतःच्या मुलासमोर आपण पिकविलेली वस्तू कवडीमोल ठरली, ही नामुष्की सोसण्यापलीकडची आहे. रडता न येणाऱ्या माणसाचे पाय येथे रडतात. मुलगा हे पाहतो आणि त्याला काही बोलता येत नाही. म्हणजे मौन एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे कसे जाते तेही या कथेने दाखविले आहे.

या जागी कन्नडातील ‘चोमन दुडि’ आठवणे अपरिहार्य आहे. शिवराम कारंतांची ही कादंबरी १९३३ची. चोम हा अस्पृश्य मजूर. त्याच्याजवळ बैलजोडी आहे, पण जमीन कसण्याचा हक्क नाही, आणि शेतकरी होणे हेच त्याचे जन्माचे स्वप्न. मळेवाल्याचे कर्ज फेडण्यासाठी मुले कॉफीच्या मळ्यावर जातात, एकेक करून हातची जातात, लेकही त्याच फेऱ्यात सापडते. चोम फारसे बोलत नाही. तो दुडि वाजवितो. आनंदात वाजवितो, संतापात वाजवितो, मुलगा गेल्यावर वाजवितो, आणि अखेरीस वाजविता वाजविताच जातो. मराठी कुणब्याच्या मौनापेक्षा चोमाचे मौन वेगळे आहे, आणि हा वेगळेपणा जातीचा आहे: कुणब्याजवळ मालकी होती म्हणून ती जाण्याची लाज होती, चोमाला मालकीच नाकारलेली असल्यामुळे त्याचे दुःख लाजेचे नसून तहानेचे आहे. लाज माणसाला मुका करते. तहान निदान वाद्य वाजवू देते. शेतकरी पुरुषाविषयी बोलताना जमीनवाल्याचे आणि भूमिहीनाचे मन एकच समजण्याची चूक म्हणूनच टाळली पाहिजे. आत्महत्यांच्या नोंदीत शेतमजुरांचा आकडा शेतकऱ्यांहून मोठा असूनही त्यांच्यावर कादंबऱ्या किती झाल्या, हे ज्याचे त्याने मोजावे.

कारंतांच्या उलट बाजूला यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘मौनी’ ही कथा ठेवता येईल. कर्जात बुडालेला सुपारीबागाईतदार कुप्पण्ण भट्ट जसजसा बुडत जातो तसतसे त्याचे बोलणे आटत जाते. येथे मौन हे दुबळेपण नाही, ते शेवटचे हत्यार आहे. ज्याच्याजवळून सारे काढून घेतले जात आहे तो निदान आपले शब्द तरी देत नाही. अनुवादकाला या कथेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘मर्यादे’ हा कन्नड शब्द घ्या. आपल्याकडे मर्यादा म्हणजे सीमा. कन्नडात मुख्यतः मान, अब्रू. मराठीत अब्रूला सीमा नसते, ती सर्वस्व असते. कन्नडात मात्र अब्रूसाठी वापरलेल्या शब्दातच सीमेची आठवण शिल्लक आहे.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’पासून (२००२, साहित्य अकादेमी पुरस्कार २००४) मराठी शेतकरी कादंबरीत नवा पुरुष आला. एकनाथ एम. ए. झालेला आहे, नोकरी मिळत नाही म्हणून शेतात आला आहे. त्याच्या बापाला निदान ‘हेच आपले काम’ हा आधार होता. एकनाथ शेतात उभा असतो तो हरून आलेला म्हणून. बायको अलका हिला हे जीवन नको आहे, आणि तिचे म्हणणे अन्यायाचे नाही. सुशिक्षित स्त्रीने कोरडवाहू शेतीत का म्हणून पिचावे? नवरा आणि बायको दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना घर मोडते, हे ज्या काळजीने देशमुखांनी रेखाटले आहे ती मला कादंबरीतील दुष्काळवर्णनांपेक्षा मोलाची वाटते. एकनाथ भाषा जाणतो, वाङ्मय शिकला आहे. पण स्वतःविषयी बायकोशी बोलावे कसे हे त्याच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात नव्हते. (तुमच्या-आमच्याही नव्हते, हे कबूल करावयास हरकत नाही.)

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात तर बायकोला अशी धास्ती लागते की नवरा जीव देईल. ती मुलाला त्याच्या मागे मागे पाठविते, त्याला गोडधोड करून घालते, डोळ्यांत तेल घालून पहारा करते. सारे घर कर्त्यावर नजर ठेवून आहे आणि ‘तुमच्या मनात काय आहे?’ हा साधा प्रश्न मात्र घरात कोणी विचारू शकत नाही. चित्रपटातील विनोद याच विसंगतीतून जन्मतो, आणि तो जीवघेणा आहे.

हा प्रश्न विचारावयाचा झाला तर कोणत्या शब्दांत? ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्राचा. रानात तो कोणी वापरीत नाही. तेथे ‘घोर लागला’, ‘जीव लागत नाही’, ‘खचला’, ‘हबकला’ असे म्हणतात. आणि ‘हाय खाल्ली’ असे म्हणतात. ‘हाय खाणे’ हा प्रयोग विलक्षण आहे. उसासा बाहेर टाकावयाचा असतो. येथे तो गिळला जातो आणि आत जाऊन माणसालाच खातो. याला कन्नडात नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. दुसरा शब्द त्याहून भयंकर, आणि अगदी साधा: ‘औषध’. पिकावर फवारण्याच्या विषाला आपल्या गावांत औषध म्हणतात, आणि कोणी विष घेतले तर ‘त्यानं औषध घेतलं’ असे सांगतात. ज्याला खरोखरच औषधाची गरज होती त्याच्याविषयी हे वाक्य बोलले जाते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही शब्द हाच होता.

दुखण्याचे नाव नसले की दुखणे शरीरात उतरते. डोके दुखते, पाठ धरते, झोप लागत नाही, अन्न जात नाही, एवढेच पुरुष डॉक्टरला सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात १९८०च्या दशकात मनोविकारांचे उपचार साध्या आरोग्यकेंद्रापर्यंत नेण्याचा जो प्रयोग केला, तो पुढे देशभरच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना ठरला. महाराष्ट्रात २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ निघाला. या योजनांचे यशापयश तज्ज्ञांनी ठरवावे. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, दाराशी आलेल्या कार्यकर्त्यापुढे शेतकऱ्याने बोलावयाचे ते कोणत्या भाषेत, हा प्रश्न आरोग्यखात्याने साहित्यिकांना कधी विचारला नाही आणि साहित्यिकांनी तो आपण होऊन घेतला नाही.

शासनाच्या भाषेत एक शब्द आहे, ‘पात्र’. महाराष्ट्रात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, पण ती आत्महत्या आधी ‘पात्र’ ठरावी लागते: नावावर जमीन हवी, मान्य संस्थेचे थकलेले कर्ज हवे. बाकीच्या ‘अपात्र’. आम्ही समीक्षकही पात्र हा शब्द रात्रंदिन वापरतो. मेल्यानंतर पात्र ठरण्यासाठीही माणसाला कर्ता असावे लागते, सातबाऱ्यावर असावे लागते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आणि याच कर्तेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण तिच्याकडे पाहण्याचे आपण टाळतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रातील जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती स्मरणात ठेवली जाते आणि त्या दिवशी अन्नत्याग करून अनेक जण शोक पाळतात. शोक खरा आहे. पण वरचे वाक्य, जसे ते नेहमी लिहिले जाते तसेच मी लिहिले आहे, ते पुन्हा वाचावे. त्यात कर्ता एक आहे. बाकी पाच जण ‘सह’ या शब्दयोगी अव्ययात आहेत. घराची जबाबदारी माझी, तेव्हा घराचा शेवटही माझा, हा विचार कोणत्याही दुष्ट माणसाचा नव्हे. आम्ही ज्याला कर्तव्यदक्षता म्हणतो तिचेच ते अखेरचे टोक आहे. म्हणून केवळ करुणेने हा विषय पेलत नाही.

कर्तेपणाचा भार वाटून घेण्याचा एक प्रयत्न शेतकरी चळवळीनेच केला होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन भरविले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला. या मोहिमेचे मूल्यमापन स्त्रीच्या हक्काच्या अंगाने झाले. पुरुषाच्या मुक्तीच्या अंगाने फारसे झाले नाही. छातीवर बिल्ला लावून रस्त्यावर बसणाऱ्या पुरुषाला, किंवा इकडे कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाची हिरवी शाल खांद्यावर टाकून मोर्च्यात चालणाऱ्याला, आपली हलाखी सांगण्याची लाज वाटत नव्हती, कारण ती सर्वांची हलाखी होती आणि तिचे नाव ‘भाव’ असे होते. चळवळी ओसरल्या तेव्हा हलाखी पुन्हा एकेकट्याची झाली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले. ते घडले निमंत्रणाच्या एका वादामुळे, ठरवून नव्हे. पण व्यासपीठावरील साहित्यिकांपेक्षा ती अधिक स्वच्छ बोलली. तिच्यासारख्या स्त्रियांनी ‘तेरवं’ या नाटकात स्वतःचीच कथा रंगभूमीवर आणली आहे. मेलेल्या पुरुषाविषयी बोलण्याचे कामही अखेर स्त्रीकडेच आले.

जिवंत पुरुष आता निराळ्या तऱ्हेने बोलू पाहत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही ही त्यांची तक्रार. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बंगळुरूपासून दोन-तीन तासांवरील मंड्या जिल्ह्यातून तशाच तरुणांनी मलै महादेश्वराच्या डोंगरापर्यंत ‘ब्रह्मचारींची पदयात्रा’ काढली. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या हसत हसत छापल्या. मुली मिळत नाहीत याचे एक कारण त्यांना जन्मू दिले नाही हे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस मंड्यातील एका गुऱ्हाळात चाललेला गर्भलिंगनिदानाचा धंदा पोलिसांनी उघडकीस आणला. दुसरे कारण, मुली शिकल्या आणि त्यांनी शेतकरी नवरा नाकारला. हा त्यांचा हक्क. या तरुणांचे बाप मौन पाळून होते. हे निदान ‘आम्ही कोणाला नको आहोत’ एवढे रस्त्यावर येऊन बोलले. सोंग घेऊन बोलले, हसण्यावारी नेले जाईल अशा रीतीने बोलले, कारण सोंगाखेरीज हे बोलण्याची रीत त्यांना कोणी दिलेली नव्हती.

मराठी तरुण जिल्हाधिकाऱ्याकडे गेले आणि कन्नड तरुण देवाकडे गेले, यावरून प्रांतस्वभाव ठरविण्याचा मोह आवरावा; आपल्याकडेही पंढरी आहे आणि त्यांच्याकडेही कचेऱ्या आहेत. पण मलै महादेश्वराच्या डोंगराविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या देवाचे दीर्घ लोकमहाकाव्य कंसाळे वाजविणारे पुरुष पिढ्यान्पिढ्या गात आले आहेत, आणि ते गाणे अजून थांबलेले नाही. त्या पदयात्रेतील तरुणांपैकी कोणी डोंगरावर पोहोचल्यावर ते ऐकत बसला असेल का, आणि ऐकताना त्याला आपले काही सापडले असेल का, हे बातमीदारांनी विचारले नाही. कन्नडातील एखादा कथाकार ते विचारील तेव्हा त्या कथेचा मराठी अनुवाद करताना ‘अवनिगे अळु बंतु’ या तीन शब्दांपाशी पान पुन्हा अडेल, आणि ‘त्याला रडू आले’ असे लिहावे की ‘तो रडला’, हे ठरवावे लागेल.